पगार थांबला, व्हिसा टांगणीला: आधी काय कराल?

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतला बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर त्या देशाने एवढा मोठा आकडा पाहिला नव्हता. त्याच महिन्यात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात फूड बँकेने एका दिवसात सुमारे दहा हजार कुटुंबांना धान्य वाटलं आणि गाड्यांच्या त्या रांगांचे फोटो जगभर छापून आले. नोकरी गेलेल्या अमेरिकन माणसाला घरभाड्याची चिंता होती. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या पुण्या-नाशिकच्या इंजिनियरला ती चिंता होतीच, शिवाय साठ दिवसांत काही जमलं नाही तर मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, भाडेकरार सगळं अर्धवट टाकून देश सोडायची वेळ येणार होती.

महासाथ ओसरली, पण २०२२-२३ मध्ये मोठ्या टेक कंपन्यांनी ले-ऑफ जाहीर केले आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जाऊ लागले. बेकारी भत्ता घेतला तर ग्रीन कार्ड अडकेल का? विमा किती दिवस चालतो? ४०१-के ही निवृत्तीची बचत मोडावी का? गावाकडे पैसे पाठवायचे थांबवले तर काय सांगायचं? हे प्रश्न सोडवताना बहुतेक कुटुंबं सुरुवात पैशापासून करतात. तिथेच गाडी चुकते. आधी व्हिसाची तारीख, मग विमा आणि त्यानंतर पैसा, या क्रमाने गेलात तर नुकसान बरंच आटोक्यात राहतं.

पहिला आठवडा: कागद गोळा करा

नोकरी गेल्यावर एच-वन-बीधारकाला जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. हा नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. मोजणी नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते आणि शेवटचा दिवस म्हणजे साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो. सेव्हरन्सचे तीन महिन्यांचे पैसे हातात आले म्हणून ही मुदत तीन महिन्यांनी लांबत नाही. तुमच्या आय-९४ ची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीची, तारीख त्याआधी संपत असेल, तर मुदतही तिथेच संपते. सुट्ट्या, शनिवार, रविवार सगळे दिवस धरले जातात.

महासाथीत ही मुदत १८० दिवसांची करावी अशी मागणी जोरात झाली. ती मान्य झाली नाही. सगळा देश बंद असताना जी सवलत मिळाली नाही, ती पुढच्या मंदीत मिळेल या भरवशावर राहू नका.

पहिल्या आठवड्यात एवढं करा:

- नोकरीचा शेवटचा दिवस लिहून आलेलं पत्र किंवा ईमेल कंपनीकडून घ्या. तोंडी तारीख चालत नाही.
- ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी पे-स्टब, डब्ल्यू-२, आय-७९७ आणि आय-१४० च्या प्रती स्वतःकडे घ्या. लॉगिन बंद झालं की त्या मिळवायला आठवडे जातात.
- घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उतरवून घ्या.
- एकरकमी सेव्हरन्सऐवजी काही आठवडे पगारपत्रकावर ठेवता येईल का, हे एचआरला विचारा. काम नसताना पगारावर राहिलेला काळ नोकरीत धरला जातो की नाही, याबद्दल वकिलांत एकमत नाही. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोला. कंपनीचा वकील कंपनीचं हित पाहतो, तेव्हा सल्ला स्वतःच्या वकिलाचा घ्या.

साठ दिवसांत कोणते मार्ग खुले असतात

सगळ्यात सरळ मार्ग नव्या नोकरीचा. नव्या कंपनीने साठ दिवसांच्या आत तुमच्या नावाने एच-वन-बीचा अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं. मुदतीत अर्ज पोचायला हवा, नुसतं ऑफर लेटर पुरत नाही. कंपन्यांना कागदपत्रं तयार करायला वेळ लागतो, त्यामुळे मुलाखती संपायला चाळीस दिवस लागले तर उरलेले वीस फार अपुरे पडतात.

जोडीदाराचा स्वतःचा एच-वन-बी असेल तर एच-फोरवर, म्हणजे त्याच्या अवलंबिताच्या व्हिसावर, जाता येतं. शिकायचं असेल तर एफ-१. काहीच जमत नसेल तर बी-२ म्हणजे पर्यटक दर्जासाठी मुदतीच्या आत अर्ज करून थोडा काळ मिळवता येतो. पण त्या काळात एक दिवसही काम करता येत नाही आणि पुढे नोकरी मिळाली तर काही वेळा देशाबाहेर जाऊन यावं लागतं.

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या भारतीयांसाठी एक दिलासा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट जात नाही. नव्या कंपनीला प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते, रांगेतली जागा मात्र जुनीच राहते. दहा-बारा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने ‘सगळं बुडालं’ म्हणून घाईत सामान विकायला काढू नये, ते यासाठी.

बेंचवर बसवलंय आणि पगार नाही?

महासाथीत अमेरिकन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवणं, म्हणजे फर्लो, सर्रास झालं. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. एच-वन-बी कर्मचाऱ्याला मात्र तसं बसवता येत नाही. प्रोजेक्ट नसलं तरी कंपनीला ठरलेला पगार द्यावा लागतो. कामाचे तास आणि पगार कमी करायचा असेल तर आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. ‘प्रोजेक्ट मिळेपर्यंत थांब, मग बघू’ असं कन्सल्टन्सीवाले म्हणत असतील तर ते बेकायदा आहे. अशा वेळी अनेक जण गप्प बसतात, कारण व्हिसा त्याच कंपनीच्या हातात असतो.

तुमचे हक्क असे आहेत:

- बुडालेल्या पगारासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ अर्जावर तक्रार करता येते. उल्लंघनापासून १२ महिन्यांच्या आत ती करावी लागते.
- तक्रार केली म्हणून कंपनीला बदला घेता येत नाही.
- व्हिसाची मुदत संपण्याआधी कंपनीने काढून टाकलं, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. हा खर्च फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर हा हक्क जातो. ‘राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असा प्रेमळ सल्ला मिळाला, तर त्यात कोणाचे पैसे वाचतात ते पाहा.

पैसे घेऊन नुसतं पगारपत्रकावर दाखवणाऱ्या एजंटांच्या वाटेला जाऊ नका. तो सरळ गुन्हा आहे आणि त्याचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

विमा: वेगळी मुदत, तीही ६० दिवसांची

नोकरीसोबत आरोग्यविमा जातो. काही कंपन्यांत त्याच दिवशी, काहींत महिनाअखेरीला. महासाथीत सगळ्यात जास्त भीती याचीच होती.

पहिला पर्याय कोब्रा. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेली तर तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता तुम्ही भरायचा आणि वर २ टक्क्यांपर्यंत खर्च. समजा, कुटुंबाचा पूर्ण हप्ता महिना १८०० डॉलर आहे. त्यातले ४०० तुमच्या पगारातून कापले जायचे, बाकीचे कंपनी भरायची. आता १८३६ डॉलर तुमच्या खिशातून जातील. आकडा पाहूनच बरेच जण कोब्राचा कागद बाजूला टाकतात. तो टाकू नका. निवड करायला ६० दिवस मिळतात आणि निवड केली की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे या दोन महिन्यांत घरात कोणी आजारी पडलंच, तर तेव्हा कोब्रा घेऊन मागचे हप्ते भरता येतात. कोणी आजारी पडलं नाही, तर ते पैसे वाचतात.

दुसरा पर्याय सरकारी मार्केटप्लेस. एच-वन आणि एच-फोरवर असलेल्या कुटुंबांना तिथून विमा घेता येतो. जुना विमा गेल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा, त्यानंतर वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागेल. उत्पन्न घटलं असेल तर हप्त्यात करसवलत मिळू शकते. मात्र २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून एच-वनवरच्या कुटुंबांची ही सवलत बंद होते. विमा तेव्हाही विकत घेता येईल, पण पूर्ण किमतीला.

सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड जाईल का?

या भीतीने महासाथीत खूप नुकसान केलं. वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटने केलेल्या पाहणीत २०१८ मध्येच स्थलांतरित कुटुंबांतल्या दर सातपैकी एका प्रौढाने सांगितलं होतं की, आपण किंवा घरातल्या कोणीतरी ग्रीन कार्ड धोक्यात येईल म्हणून मदत घेणं टाळलं. पुढे २४ फेब्रुवारी २०२० ला, साथ येऊन धडकायच्या तोंडावर, सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारणारा ‘पब्लिक चार्ज’चा कडक नियम लागू झाला. मार्चमध्ये खुद्द इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की कोविडची चाचणी आणि उपचार यात धरले जाणार नाहीत. तोवर अफवा घरोघरी पोचल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये तो नियम गेला, डिसेंबर २०२२ मध्ये सौम्य नियम आला आणि तोही रद्द करण्याचा प्रस्ताव २०२५ अखेरीस पुढे आला. म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका, अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते विचारा.

काही गोष्टी मात्र २०२० च्या कडक नियमातही सुरक्षित होत्या:

- फूड बँक, मंदिर, गुरुद्वारा, चर्च यांच्याकडचं अन्न. ही खासगी मदत आहे. रांगेत उभं राहायची लाज वाटते, हे खरं. पण ती रांग व्हिसा विचारत नाही.
- शाळेतलं जेवण. मुलाचा इमिग्रेशन दर्जा विचारला जात नाही. २०२० मध्ये शाळा बंद असतानाही अनेक जिल्ह्यांत जेवणाची पाकिटं घेऊन जायची सोय होती.
- अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावाची मदत. मूल नागरिक असल्यामुळे हक्क त्याचा आहे. पात्रता ठरवताना कुटुंबाचं उत्पन्न पाहिलं जातं.
- बेकारी भत्ता. नोकरीच्या काळात जमा झालेला हा विम्यासारखा लाभ आहे. ग्रीन कार्डधारकांना आणि कामाचा परवाना असलेल्या एच-फोर जोडीदारांना तो मागता येतो. एच-वन-बीवाल्यांची अडचण वेगळी आहे. भत्त्यासाठी ‘काम करायला मोकळा’ असावं लागतं आणि व्हिसा एकाच कंपनीला बांधलेला असतो. बरीच राज्यं त्यामुळे अर्ज नाकारतात. अर्जात इमिग्रेशनचा रकाना खरा भरा, निर्णय राज्याला घेऊ द्या.

स्नॅप म्हणजे फूड स्टँप एच-वनवरच्या प्रौढांना मिळतच नाही. ग्रीन कार्डधारक प्रौढांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं.

एका विवरणपत्रात अडकलेले ३४०० डॉलर

मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने प्रौढाला १२०० आणि १७ वर्षांखालच्या मुलाला ५०० डॉलर दिले. एच-वनवर असलेले, सोशल सिक्युरिटी नंबर असलेले आणि करासाठी ‘रहिवासी’ ठरलेले लोकही पात्र होते. मग कितीतरी मराठी घरांना चेक का आला नाही?

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा एच-वनवर, बायको एच-फोरवर, कामाचा परवाना नाही. दोन मुलं अमेरिकेतच जन्मलेली. उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत. बायकोला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, म्हणून एकत्र विवरणपत्रात तिचा आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, लिहिलेला. दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर असता तर ३४०० डॉलर आले असते. आले शून्य. एका आयटीआयएनमुळे नवरा आणि अमेरिकन नागरिक असलेली मुलंसुद्धा बाद झाली. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही चूक मागच्या तारखेपासून सुधारली आणि या कुटुंबाला २०२० च्या विवरणपत्रात २२०० डॉलर मागता आले. ज्यांनी बातमी वाचली नाही त्यांचे पैसे राहून गेले. तो दावा करायची मुदत १७ मे २०२४ ला संपली.

उलटही घडलं. एफ-१ वरच्या काही विद्यार्थ्यांनी सॉफ्टवेअर वापरून चुकीने रहिवाशाचा फॉर्म भरला, त्यांना हक्क नसलेले चेक आले आणि ते परत करावे लागले. संकटकाळात कर कायदे वर्षभरात दोनदा बदलतात. त्या वर्षी तरी विवरणपत्र व्हिसाधारकांची कामं करणाऱ्या सीएकडून किंवा सीपीएकडून तपासून घ्या.

बचतीला हात घालण्याआधी

थोडक्यात क्रम असा. पहिल्यांदा बँकेला आणि घरमालकाला फोन करा, हप्ता चुकण्याआधी. २०२० मध्ये सरकारी हमी असलेल्या गृहकर्जांना १८० दिवस आणि मागितल्यास आणखी १८० दिवस हप्ते लांबवता आले, पण ती सवलत मागणाऱ्यालाच मिळाली. त्यानंतर हाताशी असलेली बचत. क्रेडिट कार्डवर किराणा त्याही नंतर.

४०१-के सगळ्यात शेवटी. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर आणि सहसा वर १० टक्के दंड लागतो. २०२० मध्ये एक लाख डॉलरपर्यंत दंडमाफी होती, ती त्या वर्षापुरतीच. ४०१-के वर कर्ज घेतलेलं असेल तर नोकरी सुटल्यावर ते कधी फेडायचं, ते लगेच विचारा. मुदतीत न फेडलेली रक्कम काढलेलीच धरली जाते.

गावाकडचे पैसे, गावाकडची कर्जं

एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने भाकीत केलं होतं की भारतात परदेशातून येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात त्या वर्षी सुमारे ८३ अब्ज डॉलर आले, घट जेमतेम ०.२ टक्के. त्यामागे बरीच कारणं आहेत, पण स्वतः काटकसर करून गावाकडचे पैसे न थांबवणारी लाखो माणसंही त्यात आहेत. हे कौतुकाचं आहे आणि थोडं काळजीचंही. इकडे कार्डवर उधारी करून तिकडे फ्लॅटचा हप्ता भरणं हा कर्तव्याचा भाग नव्हे. आई-बाबांना लपवू नका. औषधपाण्याचे पैसे चालू ठेवा, गुंतवणुकीचे थांबवा आणि तसं स्पष्ट सांगा.

भारतातल्या बँकेशीही बोला. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते लांबवायची मुभा दिली, व्याज मात्र चालू राहिलं. अशी सवलत पुन्हा आली तर ती माफी समजू नका.

एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचाच. अडचणीच्या वर्षात हेच विसरतं आणि दंड जबर आहे.

परतायचं ठरलं तर

घाईने भारतात गेलेल्यांना २०२० ने चांगलंच अडकवलं. २२ जूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्या एच-वन, एच-फोर, एल-१ धारकांना प्रवेश बंद झाला, तो मार्च २०२१ अखेरपर्यंत. व्हिसा स्टॅम्पिंगसाठी किंवा वडिलांच्या आजारपणासाठी गेलेले तिकडेच राहिले, बायकामुलं इकडे. भारताने ओसीआय कार्डावरचा बिनव्हिसा प्रवेश स्थगित केल्यामुळे उलटा पेचही पडला. मे महिन्यात वंदे भारत विमानं सुरू झाली, आई-बापांना जागा मिळाली, पण त्यांचं अमेरिकन पासपोर्ट असलेलं तान्हं मूल विमानात बसू शकत नव्हतं. २२ मे रोजी गृह मंत्रालयाने सवलत दिल्यावर हा गुंता सुटला.

- अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा पासपोर्ट आणि ओसीआय किंवा भारतीय व्हिसा आधीच तयार ठेवा.
- परतून नव्या कंपनीकडून पुन्हा एच-वनवर यायचा बेत असेल, तर सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतलं एक लाख डॉलरचं शुल्क लागू होईल का, ते निघण्याआधी वकिलाला विचारा.
- ४०१-के सहसा अमेरिकेतच ठेवता येतं, मोडायची सक्ती नसते.
- सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळे इकडची वर्षं तिकडे जोडली जात नाहीत. नऊ वर्षं झाली असतील तर हे गणित मांडूनच निर्णय घ्या.
- तिकिटालाही पैसे नसतील तर जवळच्या भारतीय वकिलातीत इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडाबद्दल विचारा. अडचणीतल्या भारतीय नागरिकांसाठी तो २००९ पासून आहे.

कोणाला फोन कराल

अन्न, भाडं, वीजबिल यांच्या स्थानिक मदतीसाठी २११. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ९८८, चोवीस तास. तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळातही सांगा. नोकरी गेल्याचं लपवणाऱ्याला कोणी रेफरल देत नाही.

आणि नोकरी शाबूत असली तरी आज एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उघडून तारीख पाहा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी बऱ्याचदा त्याच तारखेपर्यंतचा आय-९४ देतो, त्यामुळे व्हिसावर तीन वर्षं आणि आय-९४ वर आठ महिने असं होऊ शकतं. मोजली जाते ती आय-९४ ची तारीख.